कुत्र्याला आपला खाऊ द्यायचा? आधी त्यातला बेदाणा शोधा

"कुत्र्याला चिवडा चालतो का हो?" आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न मला कुणीतरी विचारतं, आणि विचारणाऱ्याला "चालतो" किंवा "नाही चालत" एवढंच ऐकायचं असतं. दोन्ही उत्तरं चुकू शकतात. पातळ पोह्यांच्या चिवड्यात पोहे, तेल, मीठ, दाणे, डाळं, खोबरं, कढीपत्ता, मिरची असते आणि घरोघरच्या पद्धतीप्रमाणे मनुका, लसूण किंवा तळलेला कांदाही असतो. पोह्यांनी कुत्र्याचं काही बिघडत नाही. मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणजे "चिवडा चालतो का" हा प्रश्नच अपुरा आहे. तुमच्या डब्यातल्या चिवड्यात काय काय पडलंय, कुत्र्याच्या पोटात त्यातलं किती जाणार आणि कुत्रं किती किलोचं आहे, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी तुकडा टाकतात, मग मोबाइलवर शोधतात, आणि रात्री उलट्या सुरू झाल्या की डॉक्टरांचा नंबर कुठे लिहिला होता ते आठवायला लागतात. खालचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने करा.

## टप्पा १: वजन, काटा आणि दोन फोन नंबर

विषबाधेचे सगळे हिशेब 'दर किलो वजनाला किती' असे असतात. त्यामुळे कुत्र्याचं आजचं वजन माहीत हवं. लसीकरणाच्या वहीत दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं वजन धरू नका. घरातल्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून उभे राहा आणि वजाबाकी करा. लॅब्राडोर उचलवत नसेल तर दवाखान्यात नेऊन नुसतं वजन करून या, बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे घेत नाहीत.

स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर उत्तम. "थोडंसंच दिलं" म्हणजे किती ग्रॅम, हे एकदा मोजून बघा. डोळे उघडतात.

नंबर दोन लागतात, एक नेहमीच्या डॉक्टरांचा आणि दुसरा रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा. मुंबई-पुण्यात चोवीस तास चालणारे दवाखाने मिळतात. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना दिवसा उघडा असतो आणि तिथला भर गाई-म्हशींवर असतो. त्यामुळे कुत्र्याला सलाईन लावायची, रक्त तपासायची सोय आहे का, नसेल तर सर्वांत जवळ कुठे आहे, हे शांतपणे आधी विचारून ठेवा. वजन आणि हे दोन्ही नंबर एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

थांबा: कुत्र्याला मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर हा लेख शेवटचे दोन टप्पे वाचण्यापुरताच तुमचा. खाऊ काय द्यायचा हे तुमचे डॉक्टर सांगतील.

## टप्पा २: पदार्थाचं नाव विसरा, घटक वेगळे काढा

नावं फसवतात. बटाटावडा म्हणजे बटाटा नव्हे. त्यात लसूण-आलं-मिरचीचं वाटण असतं, काही घरांत कांदा असतो, वर तळणीचं तेल. साधी इडली निरुपद्रवी, सांबार नाही. पावाचा कोरडा तुकडा ठीक, गार्लिक ब्रेड नाही.

दिवाळीच्या फराळाचं ताट समोर ठेवून एकदा हा सराव कराच. शंकरपाळे म्हणजे मैदा, साखर आणि तूप किंवा तेल. पौष्टिक अजिबात नाहीत, पण विषारीही नाहीत, तेव्हा एखादा पडला तर धावपळ नको. चकलीत तिखट, मीठ, तेल आणि काही घरांत लसूण. करंजीच्या सारणात खोबरं, खसखस, वेलची-जायफळ आणि हमखास मनुका. जायफळ चिमूटभर असतं, त्याची भीती नाही, पण अख्खं जायफळ कुत्र्याच्या तोंडी लागलं तर थरथर, बेचैनी, भ्रम असं होऊ शकतं. रव्याच्या लाडवात मनुका आत लपलेल्या असतात. बेसनाच्या लाडवाला वरून दाबून बसवलेला तो एक बेदाणा तर आपल्याला इतका सवयीचा झालाय, की "लाडवात काय काय आहे?" असं विचारल्यावर बेसन, तूप, पिठीसाखर आणि वेलची एवढंच सांगितलं जातं. बेदाणा कुणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून पदार्थ ज्याने केला त्यालाच विचारा, आणि "यात काय आहे?" असं न विचारता "यात मनुका-बेदाणे, कांदा, लसूण, चिंच यांतलं काही आहे का?" असं नावानिशी विचारा.

## टप्पा ३: कायमचे बाद

या टप्प्यावर 'थोडंसं' हा शब्द बाजूला ठेवा. खालच्यातलं काही आढळलं तर तो पदार्थ कुत्र्यापुरता संपला.

द्राक्षं, मनुका, बेदाणे. हिरवे, काळे, भिजवलेले, बियांचे, बिनबियांचे, सगळे. यांच्यासाठी सुरक्षित आकडा नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोडक्यात बसतात. "आमच्या टॉमीने खाल्ले होते, काही झालं नाही," याला म्हणूनच काही अर्थ नाही. सकाळी पोट साफ व्हावं म्हणून काळ्या मनुका भिजवून खायची आपल्याकडे पद्धत आहे आणि त्याच वाटीतल्या दोन कुत्र्याला देणारी प्रेमळ माणसं मी पाहिली आहेत. त्या मनुका नकोत आणि वाटीतलं पाणीही नको.

चिंच. हे नाव अनेकांना नवं वाटेल. द्राक्षांमध्ये नेमकं काय घात करतं हे बरीच वर्षं उमगत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं आणि पाठोपाठ चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदीही प्रसिद्ध झाल्या. चिंचेत हे आम्ल भरपूर असतं. आमटीच्या एका घासात चिंच ती किती, हे मला मान्य आहे. पण चिंचगुळाची आमटी कालवलेला भात रोज देणं, भेळेच्या चटणीची वाटी चाटायला देणं किंवा मुलांनी टाकलेली चिंचेची गोळी खाऊ देणं, यातलं काहीच मी करणार नाही.

कांदा, लसूण, पात. यांच्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे तांबड्या पेशी फुटतात आणि कुत्र्याला रक्तक्षय होतो. शिजवून, तळून, वाळवून हा गुण जात नाही. उलट वाळवलेली पूड जास्त तीव्र असते, त्यामुळे कांदा-लसूण मसाला कच्च्या कांद्याच्याही वर. एका वेळी शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा पोटात गेला तर धोका धरतात, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, मध्यम आकाराचा अर्धा कांदा. लसूण याहून कमी पोटात गेला तरी बाधतो. रोज थोडा थोडा गेला तरी नुकसान साठत जातं. रोजचा रस्सा-भात खाणाऱ्या कुत्र्यांचं दुखणं बऱ्याचदा यातलं असतं, आणि ते हळूहळू येत असल्यामुळे वयावर ढकललं जातं.

चॉकलेट, कोको, चहा, कॉफी. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, निम्मं जायलाच सतरा-अठरा तास लागतात. इथे मात्र हिशेब करता येतो. मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ किंवा त्याहून जास्त, कोको पावडरमध्ये २० आणि वर. किलोला २० मिलिग्रॅमपासून उलट्या-जुलाब आणि अस्वस्थपणा, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके येऊ शकतात. म्हणजे ४० ग्रॅमचं मिल्क चॉकलेट दहा किलोच्या कुत्र्याने खाल्लं तर किलोला ८ मिलिग्रॅम, पोट बिघडण्यावर निभावेल. तेवढंच डार्क असेल तर २०. आणि केकसाठी आणलेली कोको पावडर २० ग्रॅम चाटली तर थेट ४०. पिल्लू तीन किलोचं असेल तर हेच आकडे तिपटीहून वर जातात. हा हिशेब फोनवर डॉक्टरांना सांगण्यासाठी आहे, चॉकलेट किती देता येईल ते ठरवण्यासाठी नाही.

झायलिटॉल. साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ. 'शुगर-फ्री' च्या आड लपणारं हे फार झपाट्याचं विष. माणसाला काही होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि कधी अर्ध्या तासात साखर कोसळते. किलोला ०.१ ग्रॅम एवढं पुरतं, ०.५ ग्रॅमपासून यकृताला धोका. काही चिंगमच्या एकेका गोळीत एक ग्रॅमच्या आसपास झायलिटॉल असतं, म्हणजे पाच किलोच्या पॉमेरेनियनला एक गोळीसुद्धा जड.

उरलेली नावं झरझर: तंबाखू आणि गुटखा (निकोटीन), दारू, होळीची भांग आणि तिची थंडाई (कुत्रं झोकांड्या खातं, गळून पडतं, जागच्या जागी लघवी करतं), मॅकाडेमिया (एक परदेशी सुकामेवा), यीस्ट घातलेलं कच्चं पीठ (पोटात फुगतं आणि त्यातून मद्यार्क तयार होतो), बुरशी धरलेलं काहीही.

बुरशीवरून एक सांगायचं राहील. शेंगदाणे स्वतः विषारी नाहीत. पण पावसाळ्यात दमट झालेले, काळपट, कुबट वासाचे दाणे आपण निवडून बाजूला काढतो आणि "कुत्रं खाईल" म्हणून बाहेर टाकतो. त्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं यकृत निकामी करू शकतं. ते दाणे कचऱ्यातच टाका.

आणि न पचणाऱ्या वस्तू: आंब्याची कोय, मक्याच्या कणसाचा दांडा, शिजवलेली हाडं, कुल्फीची काडी. या विषारी नाहीत, पण आतड्यात अडकल्या की पोट फाडून काढाव्या लागतात. वेफर्सचं रिकामं पाकीटसुद्धा जमिनीवर ठेवू नका. तळाचे कण चाटायला कुत्रं त्यात तोंड खुपसतं, श्वासाबरोबर पाकीट तोंडाला घट्ट चिकटतं आणि काही मिनिटांत ते गुदमरतं.

## टप्पा ४: पाकीट उलटं करा

समोरच्या बाजूला जे लिहिलंय ते तुम्हाला विकण्यासाठी असतं. तुम्हाला मागची बारीक अक्षरं हवीत. तिथे तीन गोष्टी शोधा, याच क्रमाने.

एक, झायलिटॉल. भारतीय पाकिटांवर ते कधी नावाने असतं, कधी नुसतं 'आयएनएस ९६७' (खाण्यात मिसळलेल्या घटकाचा क्रमांक) असतं, कधी 'बर्च शुगर'. पीनट बटर, चिंगम, माउथ फ्रेशनरच्या गोळ्या, मुलांच्या व्हिटॅमिन गमीज, आजोबांची शुगर-फ्री बिस्किटं, टूथपेस्ट, सगळ्यांवर बघा. माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल (साखरेऐवजीचे दुसरे गोड पदार्थ) लिहिलं असेल तर साखर कोसळत नाही, जुलाब मात्र होतात.

दोन, कांदा-लसूण पूड. मसाला वेफर्स, कुरकुरीत तिखट प्रकार, इन्स्टंट नूडल्सची मसाल्याची पुडी, तयार सूप यांत ती जवळपास नक्की. 'मसाले' एवढंच मोघम लिहिलं असेल तर कांदा-लसूण आहे असंच धरा.

तीन, सोडियम. पाकिटावर ते १०० ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. सोडियम ८०० मिलिग्रॅम म्हणजे १०० ग्रॅमला दोन ग्रॅम मीठ. माझा स्वतःचा ठोकताळा असा, की ४०० च्या वर सोडियम असेल तर ते पाकीट आपल्यासाठी.

तपासा: सुट्या फरसाणाला, गाड्यावरच्या खाण्याला, बेकरीच्या खारीला मागची बाजूच नसते. घटक कळत नसतील तर द्यायचं नाही.

## टप्पा ५: विष नाही म्हणजे चांगलं, असं नाही

इथपर्यंत टिकलेल्या पदार्थांत आता तेल, मीठ आणि साखर बघायची.

तळणीला मी सगळ्यांत जास्त घाबरतो. एकदम भरपूर तेल-तूप पोटात गेलं की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या पुऱ्या-भज्यांवर ताव मारलेलं कुत्रं एक-दोन दिवसांनी उलट्या करतं, जेवण सोडतं, पोटाला हात लावू देत नाही. कधी ते पुढचे पाय जमिनीवर पसरून मागचा भाग वर धरून उभं राहतं. आळस देतंय असं वाटतं. पण हे वारंवार होत असेल आणि जोडीला उलट्या असतील तर ते पोटदुखीचं लक्षण आहे.

मिठाने विषबाधा होण्यासाठी किलोला दोन-तीन ग्रॅम मीठ जावं लागतं. खाऱ्या दाण्यांच्या पुडीतून एवढं जात नाही, पण मुलांना खेळायला भरपूर मीठ घालून मळलेल्या पिठातून किंवा समुद्राच्या पाण्यातून जातं. कोकणात, गोव्यात किनाऱ्यावर कुत्र्याला पळवायला नेता तेव्हा गोडं पाणी बरोबर असू द्या, नाहीतर ते लाटेतलं पाणी पीत राहतं.

बिस्किटाचं म्हणाल तर साध्या ग्लुकोज बिस्किटात विष काही नाही. असते ती साखर आणि मैदा, १०० ग्रॅमला साधारण ४५० कॅलरी. गल्लीतल्या कुत्र्याला चार माणसं चार पुडे घालतात आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकच घातला. क्रीमची चॉकलेट बिस्किटं तेवढी नकोत.

मग द्यायचं काय? गाजर, काकडी, उकडलेलं रताळं, वाफवलेला लाल भोपळा, बी आणि मधला भाग काढलेलं सफरचंद, केळ्याची चकती, बिया काढलेलं कलिंगड किंवा पपई, आंब्याची फोड, अळणी कुरमुरे, तूप-मीठ न लावता भाजलेले मखाणे, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, मोजके बिनमिठाचे भाजलेले दाणे, उकडलेलं अंडं, अळणी शिजवलेलं बिनहाडाचं चिकन. दूध बऱ्याच पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांना पचत नाही, दह्याचा चमचा सहसा पचतो. पनीर चालतं, पण त्यात चरबी आहे हे लक्षात ठेवून.

नेहमीची चूक: चिवड्यातल्या मनुका वेचून बाकीचा देणं. वेचताना एक राहतेच. शिवाय लसूण तेलात उतरलेला असतो, तो वेचता येत नाही. भाजीतला कांदा पाण्याने धुऊन देणाऱ्यांनाही हेच लागू.

## टप्पा ६: किती द्यायचं

दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांवर खाऊ जाऊ नये, हा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम. नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या, मध्यम हालचालीच्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी त्याचे आकडे ढोबळमानाने असे पडतात: ५ किलोला ३५ कॅलरी, १० किलोला ६०, २० किलोला १००, ३० किलोला १४०. दिवसभर सोफ्यावर पडून असेल तर आणखी कमी.

आता हे घरच्या खाऊत मोजा. एक शेंगदाणा ३-४ कॅलरी. चीजचा एक क्यूब साठ-सत्तर, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याचा दिवसाचा कोटा एका घासात खलास. एक मध्यम भाकरी सव्वाशे-दीडशे. गाजर मात्र शंभर ग्रॅमला ४०, म्हणून मी गाजराच्या बाजूचा.

सकाळी दिवसाचा खाऊ एका छोट्या डबीत काढून ठेवा. ज्याला द्यायचा असेल त्याने त्यातूनच द्यायचा. डबी संपली की संपली.

## टप्पा ७: पहिली चव

नवा पदार्थ एका वेळी एकच. बोटाच्या पेराएवढा तुकडा, मीठ-मसाल्याशिवाय. आणि तो सकाळी द्या. लोक नवीन काहीतरी रात्री जेवताना देतात, त्रास मध्यरात्री सुरू होतो आणि तेव्हा नेहमीचा दवाखाना बंद असतो. चोवीस तास शी, उलटी, अंगाला खाज, कान खाजवणं एवढं बघा. ठीक गेलं तर दुसऱ्या दिवशी थोडा जास्त.

आधीपासून पोट बिघडलेलं असेल, लस नुकतीच दिली असेल किंवा प्रवासाला निघायचं असेल, तर त्या दिवशी प्रयोग नको.

## टप्पा ८: घरच्यांना सांगणं

सगळ्यांत अवघड टप्पा हाच. तुम्ही नियम पाळता आणि आजोबा टेबलाखालून हात घालतात. "आमच्या वेळी कुत्री भाकरतुकड्यावरच जगायची," हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण भाकरतुकड्यात बेदाणे नसत. वाद घालू नका. त्यांच्या खुर्चीशेजारी गाजराच्या चकत्यांची ती डबी ठेवा. हात रिकामा राहिला की चिवड्याकडे वळतो.

पाहुण्यांना दारातच सांगायचं, "काही देऊ नका हं, पोट बिघडलंय त्याचं." खोटं आहे, पण मूत्रपिंडावरच्या व्याख्यानापेक्षा लवकर पटतं. फराळाची ताटं टीपॉयवर नकोत. पर्समध्ये चिंगम असेल तर पर्स जमिनीवर नको. लहान मुलांना 'नाही' ची पूर्ण यादी पाठ होत नाही. त्यांना "डबीतलंच द्यायचं" एवढा एकच नियम शिकवा.

## टप्पा ९: खाल्लंच, तर

हा क्रम बदलू नका.

पहिलं, उरलेलं काढून घ्या आणि कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात दोन कुत्री असतील तर दोघांनाही.

दुसरं, किती खाल्लं ते काढा. आमच्या गुंडीने, देशी, चौदा किलोची, दोन दिवाळ्यांपूर्वी बेसनाच्या लाडवांचं ताट गाठलं. मी आईला विचारलं, किती खाल्ले असतील? "एखादा असेल." मग मी विचारलं, एकूण किती वळले होतेस? तिने बोटं मोजली. एकवीस. समोरच्या काकूंकडे दोन दिले, वॉचमनला एक. ताटात उरले पंधरा. म्हणजे तीन. त्या क्षणी आई गप्प झाली, आणि मग हळूच म्हणाली, "आतही घातले होते रे थोडे बेदाणे, उरलेले." अंदाज नेहमी असाच निघतो, खऱ्याच्या एक-तृतीयांश. म्हणून मूळ संख्येतून वजाबाकी करा आणि शंका असेल तिथे जास्तीचा आकडा धरा. दोन कुत्री असतील तर सगळं एकट्यानेच खाल्लं असं दोघांच्याही बाबतीत धरा.

तिसरं, फोन. लक्षणांची वाट बघू नका. उलटी करवून विष बाहेर काढायला बहुतेक वेळा पहिले एक-दोन तासच मिळतात. डॉक्टरांना या क्रमाने सांगा: वजन, काय खाल्लं, जास्तीत जास्त किती, किती वाजता, आत्ता कसं आहे, आधीचा आजार, चालू औषधं. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, पाकीट बरोबर न्या.

चौथं, डॉक्टर सांगतील तेच.

हे करू नका: मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. मोठा चमचाभर मीठ म्हणजे जवळजवळ १८ ग्रॅम. पाच किलोच्या कुत्र्यात ते किलोला साडेतीन ग्रॅमच्या वर जातं, म्हणजे तुम्हीच दुसरी विषबाधा केली. घशात बोटं घालू नका. मोहरीचं तेल पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. दूध पाजल्याने विष उतरत नाही. गुंगीत असलेल्या, झटके येणाऱ्या किंवा पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला उलटी करवण्याचा घरगुती प्रयत्न तर अजिबात नको. माणसाची पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन देऊ नका.

झायलिटॉल खाल्लेलं कुत्रं वाटेतच लुळं पडायला लागलं, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा घट्ट पाक चोळायला डॉक्टर सांगू शकतात. फोन चालू ठेवूनच गाडीत बसा.

फोनही नंतर, आधी गाडी: झटके, झोकांड्या, बेशुद्धी, पांढऱ्या किंवा निळसर हिरड्या, थांबत नसलेल्या उलट्या, फुगून टणक झालेलं पोट, श्वासाला त्रास. यातलं एकही दिसलं तर दवाखान्याकडे निघा, फोन वाटेतून करा.

## टप्पा १०: पुढचे पाच दिवस

"रात्रभर ठीक होता, म्हणजे टळलं," ही शेवटची आणि फार महागात पडणारी चूक. प्रत्येक पदार्थाचं घड्याळ वेगळं असतं.

झायलिटॉलची लक्षणं अर्ध्या तासात दिसू शकतात, पण काही चिंगममधून ते सावकाश सुटतं आणि बारा तासही लागतात. यकृताचा त्रास तर आणखी एक-दोन दिवसांनी वर येतो. चॉकलेटचा परिणाम सहा ते बारा तासांत दिसायला लागतो आणि तीन दिवसांपर्यंत टिकू शकतो. मनुका-द्राक्षांत पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग थांबतात, घरच्यांना हायसं वाटतं, आणि मूत्रपिंडं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसतात. म्हणून डॉक्टर दोन दिवस सलाईन लावून ठेवतात आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का हे त्यावरून कळतं) परत परत बघतात. गुंडीचं तिसऱ्या दिवशीचंही सरळ आलं. तोवर तिची लघवी किती वेळा झाली हे मी कागदावर लिहीत होतो, कारण लघवी कमी होणं ही यातली धोक्याची खूण.

कांद्याचं घड्याळ सगळ्यांत संथ, तीन ते पाच दिवसांचं. तोवर रोज सकाळी ओठ वर करून हिरड्या बघा. त्या फिक्या पडल्या, लघवी लालसर-तपकिरी दिसली, जिना चढताना कुत्रं धापा टाकायला लागलं, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, आणि पाच दिवसांपूर्वीची ती कांदाभजी डॉक्टरांना आठवणीने सांगा.